मुंबई महानगरातील स्थलांतर आणि नागरी वाढीचे गणित: तीन पद्धतींची तीन उत्तरे का येतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या परिघावरील एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा योजनेसाठी २०५१ पर्यंतच्या लोकसंख्येचा अंदाज काढायचा आहे. अंकगणिती वाढ, भूमितीय वाढ आणि वाढीव वृद्धी (म्हणजे दशकागणिक वाढीत होणारा बदलही धरणारी) या नेहमीच्या पद्धतींची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा यांतले कोणते धरावे, त्याऐवजी लॉजिस्टिक वक्र किंवा गुरुत्व प्रतिमान वापरावे का, आणि मुळात माणसांच्या स्थलांतराचे गणित मांडता येते का? माझे उत्तर असे की ते मांडता येते, मात्र एकूण लोकसंख्येच्या आलेखावर वक्र बसवून नव्हे. माणसे कोठून निघतात, कोठे जातात आणि कोणत्या वयात जातात हे प्रवाह वेगवेगळे मांडल्याशिवाय शहराच्या वाढीचा कोणताही अंदाज विश्वासार्ह होत नाही.

प्रथम नेहमीच्या पद्धतींपैकी पहिल्या दोन कितपत चुकतात ते मुंबईच्याच आकड्यांवर पाहू, कारण येथे उत्तर आधीच ठाऊक आहे. बृहन्मुंबईची आजच्या हद्दीनुसार धरलेली लोकसंख्या १९५१ मध्ये २९.९४ लाख, १९६१ मध्ये ४१.५२ लाख, १९७१ मध्ये ५९.७१ लाख आणि १९८१ मध्ये ८२.४३ लाख होती. आता १९८१ मध्ये बसून २०११ चा अंदाज काढायचा आहे असे समजा. तीन दशकांची सरासरी वाढ दर दशकाला १७.५ लाख येते, म्हणून अंकगणिती पद्धत सुमारे १३५ लाख सांगते. त्याच तीन दशकांचा भूमितीय सरासरी दर दशकाला ४० टक्के येतो आणि तो पुढे चालवला की उत्तर २२७ लाख येते. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत १२४.४२ लाख माणसे मोजली गेली. तीच आकडेवारी, तोच पाया, आणि दोन उत्तरांत ९२ लाखांचा फरक! दरडोई १३५ लिटरच्या हिशेबाने हा फरक दिवसाला सुमारे १२४ कोटी लिटर पाण्याचा होतो. येथे अंकगणिती पद्धत कमी चुकली म्हणून ती चांगली असे समजू नये. ती योगायोगाने जवळ आली, कारण १९८१ नंतर जे घडले त्याची कोणतीही खूण तिच्या सूत्रात नाही.

लॉजिस्टिक वक्राचे आकर्षण वेगळे आहे. बेल्जियमचे गणितज्ञ व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडलेल्या या समीकरणात वाढीला एक कमाल मर्यादा असते, आणि शहराला जागा, पाणी, वाहतूक यांची मर्यादा असतेच, म्हणून ते पटते. समान अंतरावरच्या तीन जनगणना घेतल्या की ही मर्यादा सरळ सूत्राने निघते. मुंबईसाठी १९५१, १९७१ आणि १९९१ (९९.२६ लाख) घेतल्यास मर्यादा १७८ लाख येते, १९६१, १९८१, २००१ (सुमारे ११९.८ लाख) घेतल्यास १५२ लाख; आणि १९७१, १९९१, २०११ घेतल्यास १४० लाख. जी गोष्ट शहराचा स्थायी गुणधर्म म्हणून सांगितली जाते ती दर दशकाला दहा-पंचवीस लाखांनी सरकत असेल, तर ती मर्यादा नाही, आपण निवडलेल्या तीन बिंदूंचा परिणाम आहे. पर्ल आणि रीड यांनी १९२० मध्ये अमेरिकेसाठी याच रीतीने सुमारे १९.७ कोटींची मर्यादा काढली होती आणि तो देश १९६० च्या दशकातच ती ओलांडून गेला. मुंबईत मर्यादा खाली सरकली, तेथे ती वर फुटली.

मग मुंबईची वाढ मंदावली कशाने? येथे जमाखर्चाचे साधे समीकरण मांडावे लागते. नवी लोकसंख्या म्हणजे जुनी लोकसंख्या, अधिक जन्म, वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले, आणि शेवटी हद्दबदलाने आत आलेले किंवा बाहेर पडलेले. २००१ ते २०११ या काळात बृहन्मुंबईत केवळ ४.६ लाखांची भर पडली. जन्म आणि मृत्यू यांच्यातील फरकाने होणारी नैसर्गिक वाढ वर्षाला एक टक्का धरली तरी एकही माणूस न येता-जाता लोकसंख्या साडेबारा लाखांनी वाढायला हवी होती. म्हणजे निव्वळ सुमारे आठ लाख माणसे बाहेर गेली. नैसर्गिक वाढ ०.८ टक्के धरली, तरी हा आकडा पाच लाखांच्या वरच राहतो. स्थलांतरितांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंबईचा स्थलांतराचा हिशेब त्या दशकात उणे होता. जिल्हावार पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होते: मुंबई शहर जिल्हा ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरला, उपनगर जिल्हा आठ टक्क्यांनी वाढला, आणि त्या वेळचा अविभाजित ठाणे जिल्हा ८१.३ लाखांवरून ११०.६ लाखांवर गेला. बृहन्मुंबई आणि ठाणे एकत्र धरले तर वाढ चार टक्के नसून सतरा टक्के येते. गिरगाव, लालबाग, परळ येथील कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. नोकरीचा बाजार तोच राहिला, रात्रीचा पत्ता बदलला. म्हणून प्रतिमानाची सीमा महापालिकेच्या हद्दीवर आखू नये, जेथवर लोक रोज कामाला ये-जा करतात तेथवर आखावी.

हद्दीचा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. या गावांतील माणसे घर न सोडता शहरवासी झाली. जनगणनेची ‘नगर’ ही व्याख्याही असेच करते. किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, या तीन अटी पूर्ण झाल्या की ग्रामपंचायत असलेले गावही जनगणनेच्या लेखी नगर ठरते. २००१ ते २०११ या काळात देशातील अशा जनगणना-नगरांची संख्या सुमारे १,३६० वरून जवळपास ३,९०० वर गेली, आणि त्या दशकातील नागरी वाढीपैकी सुमारे तीस टक्के भाग या नव्या नगरांचा होता असा अंदाज संशोधकांनी काढला आहे. हा भाग स्थलांतराच्या खात्यात टाकला की पुढचे सगळे गणित बिघडते. आपल्या नगरपरिषदेच्या मागील सर्व जनगणनांचे आकडे आजच्या हद्दीवर आणणे, त्यासाठी गावनिहाय जनगणना पुस्तिका उघडून एकेक गाव मिळवणे, हे काम कंटाळवाणे असले तरी पहिले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बहुतेक अंदाजांत स्थलांतर ‘निव्वळ’ स्वरूपात, शहराच्या लोकसंख्येच्या टक्केवारीत धरतात. अँड्रेई रॉजर्स या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये या प्रथेवर नेमके बोट ठेवले: निव्वळ स्थलांतरित नावाचा माणूस अस्तित्वात नसतो, येणारे असतात आणि जाणारे असतात. याने काय फरक पडतो ते छोट्या काल्पनिक उदाहरणावर पाहा. एका शहरात १०० लाख माणसे आहेत आणि त्याला माणसे पुरवणाऱ्या ग्रामीण प्रदेशात १,००० लाख. गावातून दरवर्षी ०.४ टक्के लोक शहरात येतात, म्हणजे ४ लाख. शहरातून दरवर्षी २ टक्के लोक बाहेर जातात, म्हणजे २ लाख. निव्वळ भर २ लाख, म्हणजे शहराच्या दोन टक्के. निव्वळ दराची पद्धत सांगते की शहर २०० लाखांचे झाले की भर ४ लाख होईल. स्थूल प्रवाहांची, म्हणजे येणारे आणि जाणारे वेगळे मोजणारी पद्धत मात्र वेगळेच सांगते. ग्रामीण लोकसंख्या तेवढीच राहिली, तर शहर १५० लाखांचे झाल्यावर येणारे तेच ४ लाख, जाणारे ३ लाख, आणि भर १ लाख; शहर २०० लाखांचे झाले की येणारे ४, जाणारे ४, भर शून्य. कोणाचीही वागणूक बदललेली नाही, जागा संपलेली नाही, कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही, तरी वाढीतील स्थलांतराचा वाटा आपोआप संपला. मुंबईच्या आलेखातील मंदीचा मोठा भाग मी याच दृष्टीने वाचतो, आणि लॉजिस्टिक वक्र या परिणामाला चुकीने ‘क्षमता’ असे नाव देतो असे माझे स्पष्ट मत आहे.

स्थूल प्रवाह मांडायचे ठरले की ते कशावर अवलंबून असतात हा प्रश्न येतो. राव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनांवरून जे नियम मांडले त्यांतले दोन आजही उपयोगी पडतात: बहुतेक माणसे जवळच जातात, आणि प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. पहिल्या नियमाचे गणिती रूप म्हणजे गुरुत्व प्रतिमान. दोन ठिकाणांमधील प्रवाह दोन्ही लोकसंख्यांच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या एखाद्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो असे ते धरते. हे घातांक जनगणनेच्या जिल्हावार स्थलांतर तक्त्यांवरून काढावेत; मात्र लॉगरिथम घेऊन साधी सरळ रेषा बसवू नये, कारण अनेक जिल्हा-जोड्यांत प्रवाह शून्य असतो आणि शून्याचा लॉगरिथम निघत नाही. त्या जोड्या गाळल्या की अंतराचा परिणाम चुकीचा येतो. पॉयसन समाश्रयण (मोजून मिळालेल्या संख्यांसाठीची सांख्यिकीय पद्धत) वापरले की शून्ये आत ठेवता येतात.

गुरुत्व प्रतिमानाची खरी उणीव कोकणात दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातून कोल्हापूर मुंबईपेक्षा बरेच जवळ, पण चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईलाच गेले. शहराचा आकार हे एक कारण झाले. दुसरे असे की गिरणीत आधी लागलेला भाऊ किंवा गाववाला खोलीत जागा देत असे, खाणावळ दाखवत असे आणि खात्यात शब्द टाकत असे. याची सांख्यिकीय खूण लिंगगुणोत्तरात उमटली आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या आणि त्याच वेळी मुंबई शहर जिल्ह्यात ७७७. एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूला भरलेली दिसते. प्रतिमानात हे आणण्यासाठी ‘त्या जिल्ह्यात जन्मलेली किती माणसे आधीच त्या शहरात आहेत’ हा चल घालावा लागतो. तो घातला की अंतराचा घातांक लक्षणीय उतरतो, कारण इतके दिवस जे अंतराच्या नावावर जमा होत होते त्याचा काही भाग ओळखीपाळखीचा असतो. २०११ मध्ये मुंबई शहराचे गुणोत्तर ८३२ वर आले, रत्नागिरीचे १,१२२ झाले आणि जिल्ह्याची लोकसंख्या दशकात जवळपास पाच टक्क्यांनी घटली. एकटा पुरुष जाण्याऐवजी कुटुंब जाणे वाढले, असा याचा अर्थ मी लावतो.

सिमिनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेले विकिरण प्रतिमान अंतराऐवजी मधल्या संधी मोजते: मूळ गाव केंद्रस्थानी धरून गंतव्यापर्यंतच्या त्रिज्येच्या वर्तुळात किती लोकसंख्या आहे ते पाहते. त्यात बसवण्यासारखा एकही घातांक नाही, हा त्याचा मोठा गुण. रोजच्या ये-जा करण्याला ते चांगले लागू पडते; सावंतवाडी, दोडामार्गकडून गोव्यात कामाला जाणाऱ्यांसाठी मी तेच निवडेन. पिढीजात साखळीच्या स्थलांतराला ते अपुरे पडते.

अर्थशास्त्राकडून येणारे हॅरिस आणि टोडारो यांचे १९७० चे प्रतिमान सांगते की गावातील मजुरी ही शहरातील मजुरी गुणिले काम मिळण्याची शक्यता याच्याइतकी होईपर्यंत लोक शहरात येत राहतात. गावात ३०० रुपये आणि शहरात ६०० रुपये असतील, तर निम्म्या लोकांना काम मिळण्याची आशा असेपर्यंत ओघ थांबत नाही. म्हणून शहरात रोजगार वाढवला की बेरोजगारही वाढू शकतात. दिशा समजण्यासाठी हे उत्तम आहे, पण आपल्या शहरांत पूर्ण बेकार राहणे परवडत नाही, माणूस मिळेल ते काम धरतो, म्हणून संख्या काढण्यासाठी ते मी वापरत नाही.

या सगळ्यासाठी प्रत्यक्ष स्थलांतराचे आकडे हवेत आणि तेथे जपून चालावे लागते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. परंतु त्यांत सर्वांत मोठा गट लग्नानंतर सासरी गेलेल्या स्त्रियांचा आहे आणि बहुतेक हालचाल राज्याच्या आतली आहे. एकूण संख्या घेऊन रोजगाराचे प्रतिमान बांधणे चूक ठरेल. कारण आणि वास्तव्याचा कालावधी पाहून तक्ते चाळावे लागतात. पडताळणीसाठी वयोगटांची पद्धत वापरावी. एखाद्या तालुक्यात २००१ मध्ये १० ते १९ वयाचे १०,००० मुलगे होते असे समजा. देशभराच्या अनुभवावरून दहा वर्षांत त्यांपैकी ९८ टक्के जगतील असे धरले, तर २०११ मध्ये २० ते २९ वयाचे ९,८०० तरुण दिसायला हवेत. मोजणीत ७,००० सापडले, तर २,८०० बाहेर गेले. दहा वर्षांचे रुंद गट मुद्दाम घ्यावेत, कारण वय सांगताना लोक वीस, पंचवीस, तीस अशा पूर्ण आकड्यांवर येतात आणि अरुंद गटांत खोटे चढउतार दिसतात. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत याच पद्धतीने आणि रेल्वेच्या अनारक्षित प्रवासी आकडेवारीने आंतरराज्य स्थलांतराचा अंदाज काढला होता. रेल्वेच्या आकड्यांवरून तो वर्षाला सुमारे ९० लाखांपर्यंत गेला, म्हणजे जनगणनेवरून समजत होता त्याहून बराच जास्त.

हंगामी स्थलांतर मात्र या जाळ्यातून निसटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची जोडी, ज्याला ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि गाळप संपल्यावर परतते. २०११ ची मुख्य गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन हंगामात. अशा लोकांसाठी ‘मूळ’ आणि ‘गंतव्य’ ही एकदिशा मांडणी चालत नाही. वर्षाचे दोन भाग करून प्रत्येक भागाचे वेगळे दर धरावे लागतात. आपल्या शहराभोवती वीटभट्ट्या असतील किंवा मोठी बांधकामे चालू असतील, तर पाण्याच्या मागणीत हा फरक प्रत्यक्ष जाणवेल.

आता बांधणी. प्रदेश पाच धरा: बृहन्मुंबई, ठाणे-पालघर-रायगडचा परीघ, दक्षिण कोकण, उर्वरित महाराष्ट्र, आणि उर्वरित भारत. प्रत्येक प्रदेशात पाच वर्षांचे वयोगट, स्त्री-पुरुष वेगळे. प्रत्येक गटाला जगण्याचे, जन्माचे आणि प्रत्येक दुसऱ्या प्रदेशात जाण्याचे दर द्या. पाच वर्षांची एक पायरी म्हणजे एका मोठ्या सारणीने गुणणे. वयानुसार दर पुरेसे मिळत नसतील, तर रॉजर्स आणि कास्ट्रो यांचा १९८१ चा आकृतिबंध वापरा: विशीच्या आसपास शिखर, आणि आईबापांबरोबर जाणाऱ्या लहान मुलांमुळे सुरुवातीला एक लहान चढ. तक्त्यातील रिकाम्या जागा ओळी आणि स्तंभांच्या ज्ञात बेरजांशी पुन्हा पुन्हा जुळवून भरता येतात.

आपल्या शहराचा आकडा यानंतर, वरून खाली येतो. असे का, ते बदलापूरच्या उदाहरणाने पटेल. तेथील लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये सुमारे ९८ हजारांवरून १.७४ लाखांवर, म्हणजे ७८ टक्क्यांनी वाढली. हाच दर चालवला तर २०५१ मध्ये १७ लाखांहून अधिक लोकसंख्या येते, २०११ च्या पिंपरी-चिंचवडएवढी. अंबरनाथ, विरार, पनवेल यांनीही आपापले असेच आकडे काढले, तर सर्वांची बेरीज परिघात येऊ शकणाऱ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त होते, कारण मुंबईतून निघालेले एकच कुटुंब प्रत्येक नगरपरिषद आपल्या खात्यात मोजते. परिघाची एकूण वाढ आधी ठरवा आणि मग ती घरांच्या किमती, लोकलचा प्रवासवेळ आणि विकास आराखड्यातील उपलब्ध निवासी जमीन यांच्या भारांकाने शहरांत वाटा.

अंदाज एका आकड्यात देऊ नका. वर्बावात्झ आणि बार्थेलेमी यांनी २०२० मध्ये दाखवले की शहरांच्या वाढीतील मोठे चढउतार शहरांदरम्यानच्या क्वचित पण प्रचंड स्थलांतरांमुळे होतात, आणि ते घंटाकृती वितरणात बसत नाहीत. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप कोणत्याही दशवार्षिक दरात दडलेला नव्हता. म्हणून येणाऱ्यांचे आणि जाणाऱ्यांचे दर वेगवेगळे बदलून किमान काही शे वेळा प्रतिमान चालवा, खालचा, मधला आणि वरचा असे तीन आकडे द्या, आणि जलशुद्धीकरण केंद्र टप्प्याटप्प्याने बांधता येईल अशी शिफारस करा. मुख्य जलवाहिनी व जमीन वरच्या आकड्यासाठी आणि यंत्रसामग्री मधल्या आकड्यासाठी.

हे सर्व करण्यापूर्वी एक चाचणी घ्या. २०११ चे आकडे बाजूला ठेवून केवळ २००१ पर्यंतच्या माहितीवर प्रतिमान बसवा आणि त्याला २०११ सांगायला लावा. बृहन्मुंबई आणि अविभाजित ठाणे जिल्हा मिळून २३५ लाखांच्या जवळ उत्तर येते का हे पाहाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुंबई शहर जिल्ह्यातील घट त्यात दिसते का हे पाहा. घट दिसत नसेल तर बाहेर जाण्याचे दर अपुरे आहेत. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिचे स्थलांतर तक्ते हाती येतील तेव्हा केवळ दर बदलून संपूर्ण गणित पुन्हा चालवता यावे, यासाठी सर्व गृहीतके आणि हद्दीची जुळवणी आतापासूनच वेगळ्या तक्त्यात नोंदवून ठेवा.